व्यापारी कायद्याची पदव्युत्तर पदवी की एम.बी.ए.?

पदवी परीक्षेचा निकाल हाती आला की आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : व्यापारी कायद्यात एलएल.एम. करावे की एम.बी.ए.? प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो त्यावरून या दोन पदव्या म्हणजे एकाच गावाला जाणाऱ्या दोन वाटा आहेत अशी समजूत दिसते. वस्तुतः त्यांची गावेच निराळी आहेत. पालकांची पुंजी आणि तरुणांची उमेदीची दोन-तीन वर्षे यांचा हा व्यवहार असल्याने या समजुतीची किंमत थोडी नसते.

बेळगावकरांच्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. उद्यमबागेतील एक लघुउद्योजक आपल्या फौंड्रीतील कास्टिंग पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यास पुरवितो. माल स्वीकारला गेला, चार महिने लोटले, पैसे नाहीत. खरेदीच्या ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापले आहे की, सर्व वाद केवळ पुणे येथील न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात चालतील.

व्यापारी कायदा शिकलेला मनुष्य प्रथम ती बारीक अक्षरे वाचतो. ज्या न्यायालयास मुळात अधिकार आहे अशाच एका न्यायालयाची निवड उभयपक्षी करारात करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली एबीसी लॅमिनार्ट खटल्यात मान्य केले आहे; तेव्हा ते कलम निरर्थक नाही. परंतु तो तेथेच थांबत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीचा 2006 चा कायदा तो उघडतो. त्यानुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत, करारात काहीही लिहिले असले तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. पुरवठादार जेथे आहे तेथील सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. खरेदीदार भारतात कोठेही असो. म्हणजे पुण्याच्या कलमाची धार बरीचशी बोथट होते. परिषदेचा निवाडा आव्हानित करावयाचा तर खरेदीदारास निवाड्याच्या रकमेपैकी 75 टक्के आधी भरावे लागतात. (उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी पुरवठ्यापूर्वीच झालेली असावी, हे कोणताही जाणता सल्लागार प्रथम विचारील. पुष्कळ उद्योजक येथेच अडतात.)

आता हाच कागद एम.बी.ए. झालेल्या व्यक्तीपुढे ठेवा. तिचे पहिले प्रश्न कायद्याचे नसतील. या एका ग्राहकाकडे आपल्या मालापैकी किती हिस्सा जातो? निम्मा जात असेल तर परिषदेकडे अर्ज केल्यावर पुढील ऑर्डर येईल काय? चार महिने अडकलेल्या रकमेवर बँकेच्या कॅश क्रेडिटचे किती व्याज आपण भरतो, आणि ते धरल्यावर या मालात नफा उरतो काय? दुसरा ग्राहक मिळविण्यास किती काळ लागेल? कदाचित तिचा सल्ला असा असेल की अर्ज तयार ठेवावा, पण धाडण्यापूर्वी विक्रीची मांडणी बदलावी.

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिल्याने हक्क कोठवर जातो ते दाखविले. दुसरीने तो हक्क बजावणे परवडेल काय याचा हिशेब मांडला. निवड करणाऱ्याने स्वतःस विचारावे की, यांपैकी कोणते काम रात्री जागूनही करावेसे वाटेल? माझ्या मते पगाराच्या आकड्यांहून ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. ते आकडे बहुधा संस्थांच्या जाहिरातींतून आलेले असतात.

आता प्रवेशाची बाजू. एलएल.एम.साठी आधी एलएल.बी. हवी. त्यामुळे केवळ बी.कॉम. असलेल्यास हा पर्याय प्रत्यक्षात तीन वर्षे अधिक एक वा दोन वर्षे असा पडतो. अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएल.एम. एका वर्षाची आहे, जुन्या विद्यापीठांतून दोन वर्षांची. एम.बी.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास दोन वर्षांत होते. शिवाय वकिलीची सनद एलएल.बी.वर मिळते, तीसाठी एलएल.एम. लागत नाही. ज्याला कोर्टात उभे राहावयाचे आहे त्याने चांगल्या वकिलाच्या हाताखाली दोन वर्षे काढणे बहुधा अधिक फलदायी ठरते. एलएल.एम.चा खरा उपयोग विधी महाविद्यालयात अध्यापन करू इच्छिणारास, किंवा कंपनी, स्पर्धा, दिवाळखोरी यांसारख्या एखाद्या शाखेत खोल उतरू पाहणारास होतो. 2013 चा कंपनी कायदा आणि 2016 ची दिवाळखोरी संहिता यांनी या शाखांतील काम पुष्कळच वाढविले आहे.

नावांविषयी एक खुलासा अवश्य करावयास हवा. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा ‘मास्टर ऑफ बिझिनेस लॉज’ हा अभ्यासक्रम कोणत्याही पदवीधरास खुला आहे. नोकरीत राहून कायद्याची जाण मिळविण्यास तो उत्तम. मात्र तो एलएल.एम. नव्हे आणि त्याने सनद मिळत नाही. नावातील ‘लॉ’ पाहून फसगत झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. उलटपक्षी अहमदाबाद, कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था प्रारंभापासून पदविकाच देत आल्या. 2017 च्या कायद्यानंतर त्यांना पदवी देता येऊ लागली. तरीही त्या पदविकेचे मोल कोणी कमी लेखले नाही. व्यवस्थापनात संस्थेचे नाव पदवीच्या नावाहून जड असते, आणि सामान्य संस्थेच्या एम.बी.ए.साठी मोठे कर्ज काढणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. त्याऐवजी दोन वर्षे एखाद्या कारखान्याच्या खरेदी वा लेखा विभागात काढून मग प्रवेश परीक्षा द्यावी. वर्गात बाकी येण्याची, उधारीची चर्चा निघाली म्हणजे अशा विद्यार्थ्याला ती कशाविषयी आहे हे ठाऊक असते.