बाटलीच्या तळाचें विरजण

घरचें विरजण संपलें म्हणजे शेजारून चमचाभर मागून आणावें, ही रीत कोणास शिकवावी लागत नाहीं. ज्या घरचें दहीं घट्ट आणि गोड त्याच घरीं वाटी पाठवावी, एवढें तारतम्य गृहिणी ठेवते. युरोप-अमेरिकेंतील जे हौशी लोक घरीं बिअर करतात, त्यांनाही असेंच विरजण लागतें. त्यास यीस्ट म्हणतात. आपल्या जुन्या ग्रंथांतला शब्द किण्व. हें यीस्ट ते कित्येकदां दुकानांतून आणलेल्या गव्हाच्या बिअरच्या बाटलींतूनच मिळवितात. बाटलीच्या तळाशीं जो पांढुरका साका बसलेला असतो, त्यांत तें निद्रिस्त असतें. तें जागें कसें करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तें खरोखर त्याच घरचें आहे कीं परकें हें कसें ओळखावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, आणि घरापुरती बिअरही त्यांतून सुटत नाहीं. ब्रिटनमध्यें परवान्याची अट १९६३ मध्यें उठली. जर्मनींतही घरच्या उपयोगापुरती ठराविक मर्यादेपर्यंत मोकळीक आहे. तेव्हां येथल्या श्रोत्यांनीं पुढील हकीकत एका सजीव वस्तूची गोष्ट म्हणून ऐकावी.

गव्हाच्या बिअरचें माहेर म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेचा बव्हेरिया प्रांत. तेथें तिला हेफेवायझेन म्हणतात; हेफे म्हणजे यीस्ट आणि वायझेन म्हणजे गहूं. मोड आणून वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. या बिअरच्या माल्टपैकीं निदान निम्मा भाग गव्हाचा असावा लागतो. बाकीचा बहुधा जवाचा. ही बिअर गढूळच पितात. बाटली संपत आली कीं उरलेला घोट हलवून साक्यासकट पेल्यांत ओततात. तिचा विशेष असा कीं, तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. वस्तुतः तींत केळें नाहीं कीं लवंग नाहीं. दोन्ही वास यीस्टनेंच निर्माण केलेले असतात. साखरेचें मद्यार्क करीत असतां यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट नांवाचा पदार्थ बनवितें, आणि पिकल्या केळ्याच्या वासांतही मुख्य पदार्थ तोच. लवंगेची कथा निराळी. धान्याच्या पेशींच्या भिंतींत फेरुलिक ॲसिड असतें. माल्ट भिजवून सुमारें ४४ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर कांहीं वेळ ठेवलें म्हणजे तें सुटें होऊं लागतें, आणि या जातीचें यीस्ट त्याच्या रेणूचा एक भाग तोडून त्यास लवंगेचा वास आणतें. सर्वसामान्य बिअरच्या यीस्टांत ही शक्ति नसते. म्हणून गहूं तोच, हॉपच्या वेलीचीं कडू फुलें तींच, पाणी तेंच घेतलें आणि यीस्ट मात्र दुसरें घातलें, तर हेफेवायझेन होत नाहीं. गव्हाची एक साधी बिअर होते. १५१६ च्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध फर्मानांत बिअर जव, हॉप आणि पाणी यांचीच करावी असें लिहिलें आहे. यीस्टचा त्यांत उल्लेखही नाहीं! तें सजीव आहे हें सर्वमान्य होण्यास पुढें पाश्चरचा काळ उजाडावा लागला.

आतां अडचणीकडे वळूं. तळाचा साका पाहून मनुष्य सहज समजतो कीं, ज्या यीस्टनें ही बिअर केली तेंच हें. पुष्कळदां तसें नसतें. गव्हाच्या बिअरचें यीस्ट लहरी. तें तळाशीं नीट बसत नाहीं, बाटलींत फार दिवस टिकत नाहीं, आणि मेलें म्हणजे पेशी फुटून बिअरची चव बिघडविते. व्यापाऱ्याची बाटली तर महिनेच्या महिने दुकानांत राहावयाची. म्हणून कांहीं कारखाने मुख्य आंबवण संपतांच तें यीस्ट गाळून काढतात आणि बाटल्या भरतांना लागर नांवाच्या बिअरचें यीस्ट थोडेंसें घालतात. तें शिस्तीचें, थंडींत काम करतें, तळाशीं घट्ट बसतें, जास्त दिवस तग धरतें. दुसरे कांहीं कारखाने बिअर तापवून यीस्ट मारूनच टाकतात आणि गढूळपणा तेवढा राखतात. चिठ्ठीवरून यांतलें सहसा कांहींच कळत नाहीं. एखाद्यानें महिनाभर खटपट करून वीस लिटर बिअर करावी, आणि शेवटीं केळें-लवंगेचा मागमूसही नसावा, असा प्रसंग यामुळेंच ओढवतो.

या परक्या यीस्टचें कूळ मोठें मनोरंजक आहे. लागरचें यीस्ट संकरज आहे. त्याचा एक पालक म्हणजे ज्या जातींत पावाचें आणि गव्हाच्या बिअरचें यीस्ट मोडतें तीच जात. दुसरा थंडींत वाढणारा, जो २०११ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील पॅटागोनियाच्या रानांत सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. हा संकर कोठें झाला? २०२३ मध्यें कांहीं संशोधकांनीं असा तर्क मांडला कीं, तो म्युनिकच्या दरबारी बिअरखान्यांत झाला असावा. गव्हाच्या बिअरचा मक्ता ज्या डेगेनबर्ग घराण्याकडे होता त्याचा वंश १६०२ मध्यें खुंटला. ड्यूक मॅक्सिमिलियननें मक्ता आपल्याकडे घेतला, आणि गव्हाच्या बिअरचें यीस्ट श्वार्त्साख गांवाहून म्युनिकला आलें. तेथें तें तळाशीं बसणाऱ्या यीस्टच्या शेजारीं नांदूं लागलें. तर्क खरा असेल तर आज बाटलींत शिरलेला हा तोतया मूळ मालकाच्याच रक्ताचा म्हटला पाहिजे. आमच्या भाऊसाहेबांच्या तोतयाला तेवढाही आधार नव्हता!

बाटली निवडतांना ती शक्य तितकी ताजी घ्यावी. जिच्या नांवांत क्रिस्टल हा शब्द असेल ती गाळलेली, म्हणून निरुपयोगी. केल्हाइम येथील श्नायडर यांची मूळ गव्हाची बिअर हौशी लोक या कामीं विशेष पसंत करतात, कारण ती बाटलींत पुन्हा आंबविली जाते. फार कडक मद्याची बाटली टाळावी. मद्यार्क यीस्टलाही मानवत नाहीं. बाटली तीन-चार दिवस शीतकपाटांत उभी ठेवून साका खालीं बसूं द्यावा, मग तोंड स्पिरिटनें पुसून, ज्योतीवरून फिरवून, वरची बिअर संथपणें ओतून घ्यावी. (ती वायां घालवण्याचें कारण नाहीं, चवीवरूनही बाटलीची परीक्षा होते.) तळाशीं दोन बोटें बिअर साक्यासह उरली पाहिजे.

यीस्टला पहिलें अन्न पातळ द्यावयाचें. एक लिटर पाण्यांत माल्टचा वाळविलेला अर्क पन्नास ग्रॅम घालून पंधरा मिनिटें उकळावा आणि झांकून पूर्ण निवूं द्यावा. हा काढा पन्नास मिलिलिटर घेऊन साक्यावर ओतावा, तोंडावर उकळून घेतलेला धातूचा पातळ पत्रा सैल बसवावा आणि भांडें वीस ते चोवीस अंशांवर ठेवून अधूनमधून हलवावें. घट्ट बूच लावल्यास वायु कोंडून कांच फुटेल. म्हातारें यीस्ट जागें होण्यास चार-पांच दिवसही घेतें. फेंस आला, काढा दुधट झाला, कीं तो अडीचशे मिलिलिटर काढ्यांत, आणि तेथून लिटर-दीड लिटरांत न्यावयाचा. या शेवटच्या काढ्यांत अर्क दुप्पट. एकदम मोठ्या भांड्यांत टाकण्याची घाई करूं नये. मूठभर पेशी मोठ्या काढ्यांत पसरल्या तर त्या वाढण्यापूर्वींच हवेंतले आगंतुक जंतु तो बळकावतात. वीस लिटर बिअरला दीडशे ते दोनशे अब्ज पेशी लागतात, आणि बाटलींतल्या जिवंत पेशी त्या मानानें अत्यल्प असतात. कोणत्याही पायरीस आंबट किंवा कुजका वास आला तर सारें मोरींत ओतावें. असें यीस्ट उकळून सुधारत नाहीं, मरतें.

तोतया ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. लागरचें यीस्ट ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेवर, वाढूं शकत नाहीं. गव्हाच्या बिअरचें वाढतें. दोन लहान स्वच्छ शिशांत ताजा काढा घेऊन प्रत्येकींत वाढविलेल्या यीस्टचा एकच थेंब टाकावा. एक शिशी वीस अंशांवर, दुसरी उष्णतामापकानें जपलेल्या ३७ अंशांच्या कोमट पाण्यांत. दोन्ही फेंसाळल्या तर शंका फिटली. पहिलीच फेंसाळली आणि दुसरी स्वच्छ राहिली, तर बाटलींत परकें यीस्ट होतें. थेंब एकच हवा, कारण जास्त यीस्ट घातलें तर न वाढतांही तें काढा थोडाबहुत आंबवून आपल्याला फसवितें. नुसत्या नाकावर विसंबूं नये. लवंगेचा वास पुष्कळ रानटी यीस्टही आणतात. त्यांत औषधाच्या पट्टीसारखा दर्प मिसळलेला असला तर तें खास परकें समजावें.

ज्याला याहून खात्री हवी त्यानें समुद्रशैवालाच्या अगरवर यीस्टची रेघ ओढून, सुट्या उगवलेल्या ठिपक्यांपैकीं एक उचलावा. एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविण्याचें तत्त्व एमिल हान्सेननें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत १८८३ मध्यें यशस्वी केलें. शुद्ध यीस्ट आतां विकतही मिळतें, आणि केवळ बिअरच हवी असेल तर तें घेणेंच शहाणपणाचें. बाटलीची खटपट करावयाची ती एखाद्या विशिष्ट घरचेंच यीस्ट हवें असतें म्हणून.

जमलेलें यीस्ट वरचा काढा ओतून शीतकपाटांत ठेवतात आणि दोन-तीन आठवड्यांत वापरतात. पहिल्या बिअरच्या तळाचें दुसरीला, दुसरीच्या तळाचें तिसरीला, असें पांच-सहा वेळां चालतें. पुढें केळ्याचा वास उतरूं लागला कीं पुन्हा एक ताजी बाटली आणतात.