पालिकेचं काय आणि पालिकेचं नाही काय

मरीन ड्राइव्हवरून गाडी कोस्टल रोडला लागते, मलबार हिलच्या पोटातल्या बोगद्यातून बाहेर पडते आणि वरळीला सागरी सेतूवर चढते. आत बसलेल्याला हा एकच रस्ता वाटतो. पण कोस्टल रोड मुंबई महापालिकेने बांधला आहे आणि सागरी सेतू राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. सेतूवर टोल आहे, कोस्टल रोडवर नाही. त्यामुळे खड्डा दिसला की 'पालिका झोपलीय का?' असं म्हणण्याआधी तो रस्ता कोणाचा, हे विचारायला हवं. पालिकेकडे सुमारे दोन हजार किलोमीटरचे रस्ते आहेत, पण शहरातले सगळे रस्ते तिचे नाहीत. बंदराच्या हद्दीतले बंदर प्राधिकरणाकडे, रेल्वेच्या जागेतले रेल्वेकडे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गसुद्धा पालिकेच्या ताब्यात आले ते 2022 मध्ये. त्याआधी ते एमएमआरडीएकडे होते.

उलट दिशेचा गैरसमज मला जास्त खटकतो. पालिका म्हणजे कचरा, गटारं आणि दिव्याचे खांब, बस्स. हा समज पक्का होण्याचं कारण सोपं आहे: पालिकेची सर्वांत मोठी मालमत्ता मुंबईकराच्या नजरेसमोर नाहीच. ती शहापूर आणि मोखाड्याच्या डोंगरांत आहे.

मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. त्यांतले विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा. शहर वाढलं तसं पाण्यासाठी दूर जावं लागलं: 1892 मध्ये तानसा, 1957 मध्ये मोडकसागर, आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. हे पाचही पालिकेचे. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा मात्र राज्याच्या जलसंपदा विभागाचे. सातही तलाव पालिकेचेच, असं सर्रास मानलं जातं. प्रत्यक्षात मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाकडून येतो, आणि त्यावर पालिकेची मालकी नाही.

दिवसाला जवळपास चारशे कोटी लिटर पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, तेही बरंचसं उताराच्या जोरावर. भांडुप आणि पांजरापूरला ते शुद्ध होतं आणि तिथून शहरभरच्या सेवा जलाशयांत जातं. हँगिंग गार्डनमध्ये मुलांना घेऊन फिरणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं की त्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी साठवलेलं आहे? आपल्या गल्लीत पाणी ठरलेल्या वेळीच का येतं, याचं उत्तरही इथेच आहे. जलाशयातून एका वेळी एका भागाला पाणी सोडलं जातं, आणि ते सोडतो पाणीखात्याचा चावीवाला. पहाटे रस्त्यावर वाकून लोखंडी चावी फिरवणाऱ्या त्या माणसाला आपण ओळखतही नाही. आणि ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या नळाबद्दल बोलताना हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

जाता जाता एक छोटी दुरुस्ती. पवई तलाव भरून वाहू लागला की 'पाण्याची चिंता मिटली' असे निरोप फिरतात. पवईचं पाणी पिण्याजोगं नाही. ते आरे दुग्धवसाहतीला आणि कारखान्यांना दिलं जातं.

आरोग्याबाबतचा समज तर उलटाच आहे. 'पालिकेचं हॉस्पिटल' म्हणताना आवाजात एक कणव येते, जणू नाइलाज झाल्यावर जायची ती जागा. 1926 मध्ये परळला सुरू झालेलं केईएम पालिकेचं आहे. फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण इथेच केलं. ऑगस्ट 1986 मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेही इथेच. नायर, शीव आणि कूपरही पालिकेचीच, आणि या चारही रुग्णालयांना जोडून पालिकेची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जे. जे. मात्र राज्य सरकारचं. ही गल्लत तर वर्षानुवर्षं मुंबईत राहिलेलेही करतात.

विजेचंही तसंच. बेस्ट म्हणजे लाल बस एवढंच उपनगरातल्या माणसाला ठाऊक असतं, कारण त्याच्या घरी विजेचं बिल दुसऱ्याच कंपनीचं येतं. शहर भागात मात्र वीज पुरवते ती बेस्टच, आणि 7 ऑगस्ट 1947 पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधीपासून, बेस्ट हा पालिकेचा उपक्रम आहे.

आता हे सगळं चालवतं कोण? महापौर, असं उत्तर बहुधा मिळतं. 1888 च्या महापालिका कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांना दिले आहेत, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभागृहाचे अध्यक्ष असतात. नगरसेवकांच्या हाती अर्थसंकल्पाची मंजुरी असते, आणि मोठ्या खर्चाच्या प्रस्तावांवर स्थायी समितीत निर्णय होतो. ही ताकद लहान नाही, पण महापौराच्या सहीने रस्ता होत नाही.

पालिकेच्या हजारो कोटींच्या मुदत ठेवींबद्दलही लोक 'एवढा पैसा पडून आहे' म्हणतात. त्या रकमेचा मोठा भाग कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आणि हाती घेतलेली कामं यांच्याशी बांधलेला असतो. शिवाय एकेकाळी तिजोरी भरणारी जकात 1 जुलै 2017 ला, जीएसटी आला त्या दिवशी, बंद झाली. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, म्हणजे उत्पन्नाचा एक मोठा झरा आता पालिकेच्या हातात नाही.

शेवटचा समज पावसाळ्यातला: नाले साफ केले की पाणी तुंबणार नाही. नालेसफाईत कुचराई झाली तर जाब विचारायलाच हवा. पण मुंबईतल्या बहुतेक पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडं समुद्राच्या भरतीच्या रेषेखाली उघडतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर नाला आरशासारखा स्वच्छ असला तरी पाणी जाणार कुठे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि हा प्रश्न शहराने अंगावर झेलला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझधरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. समुद्र वर चढलेला असताना शहरातलं पाणी उपसून त्यात टाकायचं, हे त्यांचं काम. म्हणून पावसाळ्यात वर्तमानपत्रात पावसाच्या अंदाजाशेजारी भरतीची वेळ छापलेली असते. साडेचार मीटरच्या वरचा आकडा दिसला आणि बाहेर जोराची सर असली, तर त्या दोन-तीन तासांत सखल भागातून जाणं टाळावं. पाणी साचलंच तर पालिकेचा 1916 हा क्रमांक आहे.