पाठ दुखते, थकवा जात नाही? रक्त तपासा

ओझी वाहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या माणसांची पाठ दुखली की 'कामामुळे असेल' म्हणून आपण गोळी देतो. पण पन्नाशीनंतर हाडे सतत दुखत असतील, सोबत थकवा आणि अंगात रक्त कमी असेल, तर तो मल्टिपल मायलोमा हा कर्करोगही असू शकतो. यात हाडांच्या मगजात एकाच पेशीपासून असंख्य पेशी वाढतात आणि एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडतात. हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे बिघडतात. काही वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडांना आणखी इजा होऊ शकते. नशीब म्हणून सोसू नका. डॉक्टरांना 'सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस' या रक्ततपासणीबद्दल विचारा. वेळीच उपचार झाले तर आजार बऱ्याचदा काही वर्षे आटोक्यात राहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात; रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.