अंधारातील नजर आणि प्रकाशाची गाळणी

क्षिप्रेच्या तीरावरील उज्जैन नगरीत दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या काळात झाला; पुढील २०२८ मध्ये येत आहे. पर्वस्नानासाठी भाविक रात्रीपासूनच घाटाची वाट धरतात. १५ जुलै १९९६ रोजी, सोमवती अमावास्येस, महाकालेश्वर मंदिरात झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. गर्दी कोठे दाटत आहे हे वेळीच दिसणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानी येईल. रात्रीच्या वेळी या कामी अवरक्त किरणांचे साहाय्य घेता येते.

अदृश्य उजेड

मानवी डोळ्यास सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनचे पटल मात्र सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपते. त्यामुळे ८०८ नॅनोमीटरच्या लेसरचा झोत दूरवर टाकल्यास माणसाला अंधारच भासतो. कॅमेऱ्याला मात्र समोरचे दृश्य स्पष्ट दिसते.

गाळणीचे कार्य

घाटावरील प्रखर दिव्यांच्या प्रकाशाने कॅमेरा दिपून जातो. यावर उपाय म्हणजे भिंगापुढे बसविलेली प्रकाशगाळणी. काचेवर दोन पदार्थांचे अत्यंत पातळ थर एकाआड एक चढवून ती तयार करतात. लेसरच्या तरंगलांबीलगतचा अरुंद पट्टाच ती आत सोडते. उरलेला बहुतेक प्रकाश परतविला जातो.

तथापि हा पट्टा फार अरुंद ठेवून चालत नाही. अशा लेसरची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.३ नॅनोमीटरने वाढते. वैशाखात माळव्यातील दिवस व रात्र यांच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला, तर तरंगलांबी सुमारे साडेचार नॅनोमीटरने सरकते. शिवाय तिरप्या येणाऱ्या किरणांसाठी गाळणीचा पट्टाही कमी तरंगलांबीकडे ढळतो. या दोन्ही गोष्टी विचारात घेऊनच गाळणी निवडावी लागते.

डोळ्यांची काळजी

अवरक्त लेसर दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही. डोळ्यातील भिंग मात्र तो दृष्टिपटलावर एकवटते, आणि वेदना न होताही पटल कायमचे भाजू शकते. म्हणून झोत माणसांच्या नजरेच्या उंचीवर एकवटू न देता उंचावरून फाकवून सोडावा. साधा काळा चष्मा येथे उपयोगी नाही. त्याने बाहुली अधिक विस्फारते आणि अवरक्त किरण आत जाऊ शकतात. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्याच तरंगलांबीसाठी बनविलेला संरक्षक चष्मा वापरावा.

रक्षणासाठी लावलेल्या उजेडानेच कोणाची दृष्टी जाऊ नये, एवढी दक्षता घेतल्यास हे साधन भाविकांच्या हिताचेच ठरेल.