पाठ असलेले पुराण

गेल्या वैशाखात आमच्या घरी चुलत बहिणीचे लग्न होते. आम्हा आगरी लोकांत लग्नाचे विधी धवलारणीच्या धवल्यांवर चालतात. माझी आजी गव्हाणात आणि आसपासच्या गावांत धवलारीण म्हणून जात असे. तीन वर्षांपूर्वी आतेभावाने तिचे सगळे धवले मोबाईलमध्ये भरून घेतले. तेव्हापासून कोणी काही विचारले की ती म्हणे, "आता मना कशाला इचारतंस? त्या डब्यान भरलाय ना सगला." हळदीच्या दिवशी कळले की भावाने तो मोबाईल विकून नवा घेतला होता आणि जुन्यातले नव्यात काहीच आले नव्हते. आजी बसली, तिने सुरुवात केली आणि तिसऱ्या कडव्यावर अडली. मांडवात डीजे होताच, त्यामुळे पाहुण्यांना काही कळले नाही. आजीला मात्र कळले.

मित्रहो, हे घरचे रडगाणे सांगण्याचे कारण असे की, पुढे कॉलेज सुरू झाल्यावर मराठीच्या तासाला फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' निघाले. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण सर्वांनी शाळेत घोकल्या आहेत आणि परीक्षेनंतर विसरलोही आहोत. परंतु हे पुराण कोणासाठी लिहिले गेले, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१९ साली तिथेच वारले. सासष्टी भागात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. जुनी पुराणे, कथा, कीर्तने त्यांना बंद झाली होती आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नव्हते. पाद्री प्रश्नोत्तरे पाठ करून घेत. पण रात्री दिव्यापाशी बसून म्हणावे, ऐकावे असे काय? पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींकडे हीच मागणी करतो. तिच्या उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ उभा राहिला आणि १६१६ साली राशोल येथे छापला गेला. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद मात्र ज्ञानोबा-एकनाथांचा.

या छंदातच सगळी युक्ती आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळलेले असतात, चौथा आखूड व मोकळा. एखादा शब्द निसटला तरी यमक त्याला ओढून आणते. चौथ्या चरणावर श्वास घेता येतो आणि पुढची ओवी सुचते. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी ओवी हीच वही.

पुढची हकीकत मला फार विचार करायला लावणारी वाटली. या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. आज त्यांपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत उपलब्ध नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने गोव्यात लोकभाषाच सोडण्याचा हुकूम काढला. तरीही पुराण टिकले, कारण ते म्हणणारे लोक होते आणि म्हणण्यासाठी ते हाताने नकला करून घेत. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती घरांत या मराठी ओव्या चालत राहिल्या. टिपू सुलतानाने १७८४ साली त्या लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले; तिथल्या पंधरा वर्षांत पाद्री व देऊळ नसताना या पुराणाने श्रद्धा जागी ठेवली, अशी त्यांची परंपरा सांगते. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. म्हणजे कागदामुळे गाणे राहिले असे नव्हे. गाणे चालू होते म्हणून लोकांनी कागद जपला.

माझा एक ख्रिस्ती मित्र कोर्लईचा आहे, रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, तरी या एका गावाने धर्म आणि पोर्तुगीज-मराठी मिसळीची आपली बोली दोन्ही राखली. 'नॉ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' असे तिला ते म्हणतात. ती लिहायची सोय नव्हती. तोंडातून तोंडात गेली. क्रिस्तपुराणाची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो हसला. तो मोबाईलवर जपमाळेची प्रार्थना लावतो. आज कोणते मनन, कितवा मणी, सारे पडद्यावर येते. एकदा मध्येच बॅटरी संपली आणि आपण कुठे होतो हेच त्याला सांगता येईना. "माझी आजी मोजतच नाही," तो म्हणाला, "तिची बोटं मोजतात."

ही माळ अशाच लोकांनी चालवली. मध्ययुगात युरोपातल्या मठांतले साधू १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नसे ते त्यांच्या बदल्यात १५० वेळा एक छोटी प्रार्थना म्हणत. दहा-दहा मण्यांचे भाग आणि प्रत्येक भागाशी येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. मोबाईलमध्ये हे सर्व आहे, हे मी नाकारीत नाही. मीही परीक्षेच्या टिपणांचे फोटोच काढतो. पण येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना आपली आठवण ठेवायला सांगितले ते भाकर मोडून, वाटून. म्हणजे हाताने करायचे काम देऊन.

हे मनात ठेवून दिवाळीच्या सुट्टीत मी आजीपुढे वही घेऊन बसलो. तिला काही आठवेना. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडीत होती आणि आपसूक अडलेले तिसरे कडवे तिच्या तोंडून निघाले, मागोमाग चौथे. मी पेन उघडले तशी ती थांबली.

"लिवू नको," ती म्हणाली. "आधी माझ्यामागं म्हण."