आजारी मुलांना आभासी जगाची सोबत

रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू झाली की मुलांच्या पांढऱ्या पेशी कमी होतात. साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, म्हणून आम्ही डॉक्टर शाळा, गर्दी, मित्रांच्या भेटी बंद करायला सांगतो. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ‘तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’चे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. केस गळालेले, शाळा सुटलेली. अशा मुलाला आजाराइतकाच एकटेपणा छळतो.

या एकटेपणावर अमेरिकेत एक उपाय शोधला गेला. १९९५ मध्ये दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या पुढाकाराने ‘स्टारब्राइट वर्ल्ड’ हे संगणकावरील आभासी जग सुरू झाले. निरनिराळ्या रुग्णालयांतली मुले त्यात एखादे पात्र होऊन हिंडत, खेळत, गप्पा मारत. खाटेवरच्या मुलाला आपल्यासारखाच सोबती मिळे.

२००६ मध्ये ‘री-मिशन’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात रॉक्सी नावाची सूक्ष्म यंत्रकन्या शरीरात शिरून कर्करोगाच्या पेशींवर मारा करते. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ३४ केंद्रांत १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा गेम मिळालेल्या रुग्णांनी औषधे अधिक नियमित घेतली. आजाराची समज आणि आत्मविश्वासही वाढला. हे महत्त्वाचे आहे, कारण घरी घ्यायच्या गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार उलटू शकतो.

मात्र त्याच अभ्यासात मानसिक ताण आणि जीवनमान यांत फरक दिसला नाही. म्हणजे खेळामुळे औषधांची शिस्त लागू शकते, पण मनावरचे ओझे एकट्या खेळाने उतरेलच असे नाही. त्यासाठी माणूस लागतो.

म्हणून पालकांनी मुलाच्या हाती मोबाइल देऊन बाजूला होऊ नये. त्याच्यासोबत खेळावे. वर्गमित्रांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे घडवून आणावे. अनोळखी लोकांशी चॅटिंग होत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. डोळ्यांवर लावायच्या व्हीआर चष्म्याने मळमळ होऊ शकते. केमोनंतर तो डॉक्टरांना विचारूनच वापरावा आणि प्रत्येक वेळी निर्जंतुक करावा. मूल गप्प राहू लागले, झोप उडाली किंवा औषध नाकारू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. मुलाचे मन सांभाळणे हाही उपचारांचाच भाग आहे.