सहकारी उद्योग संस्था आणि सभासदांची जबाबदारी

एखादी सहकारी संस्था काढावयाची ठरली की प्रवर्तक मंडळी छापील अर्ज घेऊन घरोघर फिरू लागतात. ‘इथे सही करा, शेअरचे पैसे आम्ही भरतो, तुम्हाला काहीच करावे लागणार नाही,’ असे सांगितले जाते. सांगणारा ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो. नाही म्हणणे जिवावर येते. आपण सही करतो आणि विसरून जातो. पुढे कधीतरी निबंधक कार्यालयाचा कागद घरी येतो, तेव्हा आपण एका कारखान्याचे मालक होतो हे आपल्याला प्रथमच कळते.

हे चित्र कल्पनेतले नाही. महाराष्ट्र शासनाने २००४ साली अनुसूचित जातींच्या सहकारी औद्योगिक संस्थांसाठी अर्थसाहाय्याची योजना सुरू केली. प्रकल्प खर्चापैकी ५ टक्के रक्कम सभासदांनी उभी करावयाची, ३५ टक्के शासनाचे भागभांडवल, ३५ टक्के शासनाचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि उरलेले २५ टक्के वित्तीय संस्थेचे कर्ज, अशी तिची मूळ रचना होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे भांडवल नव्हते त्यांना उद्योगाचे मालक होण्याची ही संधी होती. काही संस्थांनी तिचा उपयोग करून घेतला. परंतु अनेक संस्था नोंदणी, जागा आणि अर्धवट शेड यांच्यापुढे गेल्याच नाहीत. याला कारणे पुष्कळ आहेत. पैशाचे हप्ते उशिरा मिळाले, बँकांनी हात आखडता घेतला, बाजारपेठेचा अभ्यास झाला नव्हता. ही कारणे बाहेरची म्हणता येतील. पण एक कारण आपल्या घरातले आहे. बऱ्याच ठिकाणी सभासद फक्त कागदावर होते. जो पैसा आपला वाटत नाही त्याचा हिशेब कोणी विचारत नाही, आणि जिथे हिशेब विचारला जात नाही तिथे संस्था टिकत नाही.

म्हणून सभासद म्हणजे कोण आणि त्याने काय करावयाचे असते, याचा विचार येथे करू.

सभासद म्हणजे मालक

खाजगी कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. हा नियम जगभर गेला तो इंग्लंडमधील रॉचडेल या गावाहून. तेथील २८ सामान्य माणसांनी, ज्यांत विणकर बरेच होते, आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी एक लहानसे दुकान उघडले. विकावयास पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. भेसळ करावयाची नाही, माप चोख द्यावयाचे, उधारी नाही, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटावयाचा, असे त्यांचे नियम होते. त्यांना कोणी अनुदान दिले नव्हते. पैसा स्वतःचा होता, त्यामुळे दुकानावर डोळाही स्वतःचा होता.

आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. महाराष्ट्रातील बहुतेक संस्था आज महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतात. या कायद्याने संस्थेची अंतिम सत्ता सभासदांच्या सर्वसाधारण सभेला दिली आहे. अध्यक्षाला किंवा चिटणीसाला ती दिलेली नाही. सत्ता आपली म्हटल्यावर जबाबदारीही आपलीच आली.

पहिली जबाबदारी : वाचून सही करणे

सभासदत्वाच्या अर्जावर सही करणे म्हणजे संस्थेचे उपविधी मला मान्य आहेत असे लिहून देणे होय. म्हणून आधी उपविधी मागून घ्यावेत. संस्थेचा उद्देश, कार्यक्षेत्र, शेअरची किंमत, सभासदाने करावयाचा किमान व्यवहार आणि राजीनाम्याची पद्धत एवढे तरी वाचावे. शेअरचे पैसे स्वतः भरावेत आणि पावती जपून ठेवावी. दुसऱ्याने आपले पैसे भरले तर पुढे आपले मतही त्याचेच होते.

सभासदाची जबाबदारी साधारणपणे त्याच्या शेअरच्या रकमेपुरती मर्यादित असते, हे खरे. परंतु संस्थेच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारी सही केली असेल तर ही मर्यादा उरत नाही. शिवाय सभासदत्व सोडले की त्याच दिवशी माणूस मोकळा होतो असेही नाही. त्या दिवशी संस्थेचे जे देणे असेल त्याबाबत माजी सभासदाची जबाबदारी पुढे दोन वर्षे राहते.

दुसरी जबाबदारी : व्यवहार आपल्याच संस्थेशी

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या डिसेंबरअखेर सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांची चिकाटी आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन हे तर त्यामागे होतेच. परंतु शेतकरी सभासदांनी शेअर घेतले आणि आपला ऊस आपल्या कारखान्याला घातला, म्हणून तो चालला. चार पैसे जास्त मिळतात म्हणून सभासदाने माल बाहेर घालावयास सुरुवात केली तर यंत्रे रिकामी राहतात. कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही.

हेच छोट्या संस्थेलाही लागू आहे. शिवणकामाच्या संस्थेतील सभासदाने मोठी ऑर्डर परस्पर घेतली, चर्मोद्योग संस्थेतील सभासदाने संस्थेचे कातडे घेऊन तयार माल बाहेर विकला, तर त्याचा त्या दिवसाचा फायदा होतो आणि संस्थेचे गिऱ्हाईक कायमचे जाते. माल वेळेवर देणे आणि ठरल्या प्रतीचा देणे हीही सभासदाची जबाबदारी आहे. एकाचा खराब माल सर्वांच्या नावावर जमा होतो.

उचल किंवा कर्ज घेतले असेल तर ते मुदतीत फेडावे. संस्थेची थकबाकी म्हणजे शेजारच्या सभासदाचे अडकलेले पैसे होत.

तिसरी जबाबदारी : सभेला जाणे

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेच्या नोटिशीत खाली एक वाक्य बहुधा असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. हे वाक्य सोयीसाठी आहे, पण व्यवहारात तेच नियम होऊन बसले आहे. शंभर सभासदांच्या संस्थेत बाराजण बसतात, विषय वाचले जातात, ‘मंजूर, मंजूर’ म्हटले जाते आणि चहा येतो. पुढे काही बिघडले की उरलेले अठ्ठ्याऐंशीजण म्हणतात, आम्हाला विचारलेच नाही.

गणसंख्या, ठराव आणि मतमोजणी ही बाहेरून आलेली रीत आहे असे कोणी समजू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सांगितले होते की भिक्षू संघांना सभेच्या कामकाजाचे हे नियम माहीत होते. वज्जी लोक वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतात तोवर त्यांची वाढच होईल, हा तथागतांचा अभिप्राय महापरिनिब्बाण सुत्तात आहे. सभेत बसणे हा आपला वारसा आहे.

२०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आणली. सभासदाने पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहावे आणि संस्थेच्या सेवांचा किमान उपयोग करावा, अशी ती अट होती. पुढे तिच्यात फेरबदल होत गेले. परंतु पाच वर्षांत एकदा तरी या, हे कायद्याला सांगावे लागले, यातच सर्व काही आले.

चौथी जबाबदारी : हिशेब वाचणे

ताळेबंद पाहिला की पुष्कळ सभासद पान उलटतात. तो वाचण्यास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. चार ठिकाणी बोट ठेवावे. एक, थकबाकी मागील वर्षापेक्षा वाढली की घटली? दोन, शिल्लक मालाची किंमत दरवर्षी वाढते आणि विक्री मात्र वाढत नाही, असे आहे काय? तीन, संचित तोटा भागभांडवलाच्या किती जवळ आला? चार, राखीव निधीत भर पडली काय? निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. त्यामुळे ‘लाभांश वाढवा’ एवढीच मागणी सभेत करणारा सभासद संस्थेचे भले करीत नसतो.

लेखापरीक्षकाचा शेरा आणि दोष-दुरुस्ती अहवाल हे दोन कागद अवश्य मागावेत. तेच दोष दरवर्षी दिसत असतील तर समितीला कारण विचारावे. विचारणे म्हणजे भांडण नव्हे. समिती ऐकतच नसेल तर एकपंचमांश सभासद निबंधकाकडे चौकशीची मागणी करू शकतात, आणि हलगर्जीपणाने झालेले नुकसान जबाबदार व्यक्तींकडून कलम ८८ प्रमाणे वसूल होऊ शकते. परंतु हे उपाय घर पेटल्यानंतरचे आहेत. वेळच्या वेळी विचारलेला एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

पाचवी जबाबदारी : योग्य माणूस निवडणे

समितीवर कोणाला पाठवावयाचे हे ठरवताना नाते, गट आणि पक्ष बाजूला ठेवावा. त्याने स्वतःचे कर्ज वेळेवर फेडले आहे काय, त्याला त्या धंद्याची माहिती आहे काय, तो हिशेब उघडा ठेवतो काय, एवढे पाहावे. चांगल्या माणसाला निवडून त्याच्यावर सर्व भार टाकून घरी बसणे हीही चूकच आहे. एकट्यावर भिस्त ठेवलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपते. काम शिकलेली दुसरी फळी, त्यात महिला आणि तरुण, प्रत्येक संस्थेत तयार झाली पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आई-वडिलांपैकी कोणी एखाद्या संस्थेचे सभासद असतील. घरात कोठेतरी तिचा वार्षिक अहवाल पडलेला असेल. तो काढा आणि वर सांगितलेली चार ठिकाणे त्यांना वाचून दाखवा. त्यांना वाचता आले नाही किंवा वेळ मिळाला नाही, ते तुम्हाला मिळाले आहे. सभेच्या दिवशी त्यांना आठवण करून द्या. आणि उद्या तुमच्यापुढे कोणी अर्ज धरला, तर ओळखीचा माणूस आहे म्हणून सही करू नका; उपविधी मागा.

आपल्या समाजाने सहीचा अधिकार फार मोठ्या कष्टाने मिळवला आहे. एके काळी आपल्या आजोबांच्या अंगठ्यावर सावकाराने काय लिहून घेतले हे त्यांना कळत नसे. शिकलेल्या नातवाने न वाचता सही केली तर त्या अंगठ्यात आणि या सहीत फरक तो काय राहिला? सभासद जागा असेल तर संस्था उभी राहते, आणि संस्था उभी राहिली तर दहा घरांच्या चुली पेटतात. एवढे ध्यानात ठेवून आपण प्रत्येकाने आपापल्या संस्थेच्या पुढच्या सभेला हजर राहावे, ही विनंती.